पलंगाखालची दप्तरे

अमेरिकेतील लॅटिनो समाजाचे कागद दोन ठिकाणी सापडतात: सरकारी दप्तरात आणि लोकांच्या घरी. सरकारी दप्तरात हा समाज कधी दिसतो, कधी गडप होतो. 1930च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश म्हणून नोंदवला गेला. मेक्सिकोच्या सरकारने आणि मेक्सिकन-अमेरिकन पुढाऱ्यांनी हरकत घेतल्यावर 1940मध्ये ती नोंद बंद झाली. 1950 आणि 1960 साली नैर्ऋत्येकडच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून डोकी मोजली गेली. ‘तुम्ही हिस्पॅनिक आहात का?’ असा सरळ प्रश्न सगळ्या घरांना विचारला गेला तो 1980मध्ये. 2020च्या जनगणनेत या समाजाची संख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या 18.7 टक्के भरली. एवढ्या मोठ्या समाजातल्या कुणी आपला पणजा सरकारी कागदांत शोधायला घेतला, तर तो बहुधा रेल्वेच्या मजूरपटावर भेटतो, सीमेवरच्या नोंदवहीत भेटतो, नाहीतर पोलिसांच्या कागदात. त्याचे लग्न, त्याचे दुकान, त्याचा बेसबॉलचा संघ, त्याने केलेला संप यांचा तिथे पत्ता नसतो.

ते सगळे घरात असते. बुटांच्या खोक्यात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली, गॅरेजमध्ये वाळलेल्या रंगाच्या डब्यांशेजारी. बाप्तिस्म्याचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, परस्पर साहाय्य मंडळाच्या वर्गणीचे पुस्तक, युद्धावरून आलेली पत्रे, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या क्विन्सेअन्येरा सोहळ्याचे फोटो, चर्चच्या जेवणावळीचा हिशेब. मालक त्याला रद्दी म्हणतो, पण टाकत मात्र नाही. या कामात वर्षे घालवलेला अभिलेखपाल पहिली गोष्ट शिकतो ती ही, की टंचाई कागदांची नसून ते मागायला जाणाऱ्यांची आहे.

संस्थांनी मागायला जायला फार उशीर केला. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधील बेन्सन संग्रहाची गोष्ट यात बोलकी आहे. 1921मध्ये या विद्यापीठाने हेनारो गार्सिया या मेक्सिकन इतिहासकाराचे ग्रंथालय त्याच्या वारसांकडून विकत घेतले आणि मेक्सिकोच्या इतिहासाचा एक थोर साठा टेक्सासात आणला. पण टेक्सासातच पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकनांच्या कागदांसाठी तिथे स्वतंत्र कार्यक्रम उभा राहायला 1974 साल उजाडले. परदेशातला इतिहास गाडाभर विकत आणायचा आणि गावच्या पलीकडच्या मोहल्ल्यात अर्धे शतक चौकशीही करायची नाही, असा हा व्यवहार. त्यात दुष्टावा असेलच असे नाही. अभिलेखागार म्हणजे गव्हर्नर, मळेवाले आणि कंपन्या यांचे कागद ठेवायची जागा, अशी समजूत होती आणि त्या समजुतीला कुणी धक्का दिला नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये एक सन्मान्य अपवाद घडला होता. आर्तुरो शोम्बर्ग या प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या कृष्णवर्णीय संग्राहकाने आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे आयुष्यभर जमवली. 1926मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने कार्नेगी निधीच्या 10,000 डॉलरांत ती घेतली. त्याच ग्रंथालयात 1921पासून पुरा बेल्प्रे ही पहिली प्वेर्तो रिकन ग्रंथपाल मुलांना गोष्टी सांगत होती. तिचे कागद आज हंटर कॉलेजच्या प्वेर्तो रिकन अभ्यास केंद्रात आहेत. हे केंद्र 1973चे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, अभ्यास केंद्र 1969चे. या तारखा एकमेकींना चिकटून येतात त्यामागे योगायोग नाही. विद्यार्थ्यांनी वर्ग बंद पाडून आपला इतिहास शिकवायची मागणी केली, आणि शिकवायला साधने कुठे आहेत हा प्रश्न लगेच मागोमाग आला. ह्यूस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या महानगर संशोधन केंद्राने 1970च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकन-अमेरिकन कागद जमवायला घेतले. सांता बार्बराला 1988मध्ये कॅलिफोर्नियातील अल्पसंख्य समाजांसाठी वेगळे अभिलेखागार निघाले.

पाटी लागली तरी कागद आपोआप येत नाहीत. विद्यापीठाच्या लेटरहेडवर पाठवलेल्या विनंतीपत्राला बहुधा उत्तरच येत नाही. त्यामागे अनुभव असतो. 1930च्या दशकातील मंदीत लाखो मेक्सिकन वंशाच्या माणसांना आगगाड्यांत बसवून मेक्सिकोला धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायद्याने माफी मागितली ती 2005मध्ये. ज्या घराने कागद मागणारा सरकारी माणूस पाहिला आहे, त्या घरात पुन्हा कुणी फाईल काखेत मारून आला की आजी दार अर्धेच उघडते. दुसरी तक्रार याहून साधी आणि जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येणारी: पूर्वी एक जण आला होता, पुस्तक लिहितो म्हणाला, आजोबांचे फोटो घेऊन गेला, परत आलाच नाही. तक्रार ऐकून घेतल्याशिवाय पुढची बोलणी होत नाहीत. ती ऐकताना संस्थेची बाजू मांडू नये, हेही काही घरांतून रिकाम्या हाताने परतल्यावरच लक्षात येते.

म्हणून या कामाचा बराचसा वेळ कागदाविना जातो. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात कॉफी पिणे, माजी सैनिकांच्या मेळाव्याला मागच्या खुर्चीवर बसणे, अंत्यविधीला हजर राहणे, बेकरीवाल्याशी गप्पा मारणे. वरिष्ठांना द्यायच्या मासिक अहवालात यातले काहीच नीट मांडता येत नाही. अहवालात संग्रह फुटांत मोजतात: या महिन्यात किती फूट कागद आले? पहिले वर्षभर उत्तर शून्य असते. मग एके दिवशी कुणाची तरी भाची फोन करते की मावशीचे घर विकायचे आहे, शनिवारी कचऱ्याची गाडी येणार आहे, तुम्ही येता का? त्या शनिवारी जे मिळते ते वर्षभराच्या कॉफीचे फळ असते.

आयोवातला अनुभव या दृष्टीने सविस्तर पाहण्याजोगा आहे. मक्याच्या शेतांचे हे मध्यपश्चिमी राज्य लॅटिनो इतिहासासाठी कुणाला चटकन आठवत नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे मेक्सिकन कुटुंबे आली. सांता फे रेल्वेच्या कामासाठी फोर्ट मॅडिसनला, बीटच्या शेतांसाठी मेसन सिटीकडे, ओतकामाच्या कारखान्यांसाठी मिसिसिपीकाठच्या बेटेनडॉर्फ आणि डेव्हनपोर्टला. फोर्ट मॅडिसनला लोकांनी यार्डालगत मालगाडीच्या डब्यांत संसार मांडले. डेव्हनपोर्टची कुक्स पॉइंट ही नदीकाठची वस्ती नळ आणि गटारांविना पिढीभर नांदली आणि 1952मध्ये जमीनदोस्त झाली. वस्ती पाडल्यावर तिचा नकाशा उरला तो तिथे वाढलेल्या मुलांच्या डोक्यात.

आयोवा विद्यापीठातील स्त्रियांच्या अभिलेखागाराने 2005च्या सुमारास लॅटिनो स्त्रियांच्या मुलाखती आणि कागद जमवायला सुरुवात केली. या अभिलेखागाराचा जन्मच मजेशीर आहे. संस्थापकांपैकी एकीने स्वतःजवळचे फ्रिदा काहलोचे एक आत्मचित्र 1991मध्ये लिलावात काढले. त्याचे साडेसोळा लाख डॉलर आले आणि त्यावर 1992मध्ये संस्था उभी राहिली. एका मेक्सिकन चित्रकर्तीच्या चेहऱ्यावर चाललेल्या संस्थेत मेक्सिकन बायकांच्या वह्या यायला मात्र आणखी डझनभर वर्षे लागली.

या मुलाखती बहुधा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतात. त्याचेही एक तंत्र आहे. फ्रिजची घरघर ध्वनिमुद्रणात सतत ऐकू येते, म्हणून तो बंद करावा लागतो. परत चालू करायला विसरले तर घरातल्या महिन्याच्या मटणाचे वाटोळे, म्हणून मुरलेला मुलाखतकार आपल्या गाडीच्या किल्ल्याच फ्रिजमध्ये ठेवतो. त्या घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही. भिंतीवरचे घड्याळ उतरवून दुसऱ्या खोलीत न्यावे लागते. कुत्र्याला नातवाबरोबर फिरायला पाठवावे लागते. एवढे झाल्यावर बाई म्हणते, मला काय विचारता, जे काय केले ते ह्यांनी केले.

इथे प्रश्न कसा घालतात याला महत्त्व आहे. ‘तुम्ही कोणत्या संघटनेत कोणते पद सांभाळले?’ याला उत्तर येते: कुठलेच नाही. ‘मंडळाच्या कार्यक्रमाला तमाले कोण करायचे?’ असे विचारले की मुलाखत वाहू लागते. मग कळते की शिष्यवृत्तीचा निधी तमाले विकून उभा राहिला होता, मक्याच्या पानांत पीठ भरायला पहाटे चारला आठ जणी जमत, पैसे अध्यक्षांच्या नव्हे तर हिच्या कपाटात असत, आणि शेतमजुरांच्या संपाला पाठिंबा म्हणून पुकारलेल्या द्राक्षांच्या बहिष्काराच्या वेळी किराणा दुकानापुढे फलक धरून उभ्या राहणाऱ्यांत निम्म्या बायका होत्या. डेव्हनपोर्टमध्ये 1959मध्ये ‘लुलाक’ या लॅटिनोंच्या जुन्या राष्ट्रीय संघटनेची दहाव्या क्रमांकाची शाखा निघाली. तिचे कागदही याच अभिलेखागारात आले आहेत. शाखेचे इतिवृत्त आणि स्वयंपाकघरातली मुलाखत शेजारी ठेवून वाचली, तर इतिवृत्तातल्या ‘भोजनाची व्यवस्था करण्यात आली’ या कर्मणी वाक्यातला कर्ता सापडतो.

यंत्र बंद केल्यावर खरी माहिती निघते, हा मौखिक इतिहासवाल्यांचा सार्वत्रिक अनुभव. म्हणून यंत्र बंद झाले तरी लगेच उठू नये. दारापर्यंत पोचवायला येताना बाई म्हणते, थांबा, तुम्हाला एक दाखवायचे राहिले; आणि आतून अल्बम येतो.

बहुतेक घरांत हा अल्बम 1970च्या दशकातला, चिकट पानांचा आणि वर पारदर्शक प्लास्टिक असलेला असतो. दिसायला देखणा, पण फोटोंचा वैरी. पानावरच्या डिंकाच्या रेघा काळाने पिवळ्या पडतात आणि फोटोच्या पाठीतून वर उमटू लागतात. प्लास्टिक फोटोला धरून बसते. फोटो नखाने उचकटला की कोपरा तुटतो. तो सोडवायची रीत अशी: दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा हातभर घ्यायचा, फोटोच्या एका कोपऱ्यामागे सरकवायचा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ओढत खाली आणायचा. डिंक अगदी कडक असेल तर जबरदस्ती करायची नाही. पान तसेच ठेवून स्कॅन करायचे. सुटलेल्या फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचे नाही, मऊ पेन्सिलीने कडेला लिहायचे. अभिलेखागारात मग त्या फोटोला आम्लरहित कागदाची घडी, पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी आणि करड्या पुठ्ठ्याचे खोके मिळते. पण अल्बममधला क्रम मोडण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा लागतो, कारण कोणता फोटो कुणाशेजारी लावला होता ही पण माहितीच असते. एखाद्या पानावर एकच रिकामी चौकट असेल तर ती का रिकामी आहे हे विचारायला हरकत नसते. मात्र उत्तराची घाई करू नये.

कागदांची दुखणी वेगवेगळी. रबरबँड वितळून कागदाला चिकटतो, टाचणीचा गंज आरपार जातो, वर्तमानपत्राचे कात्रण स्वतःच्याच आम्लाने तपकिरी होते आणि शेजारच्या पत्रावरही डाग पाडते. जुन्या ॲसिटेटच्या निगेटिव्हना व्हिनेगरचा वास सुटला की त्या तातडीने बाजूला काढून थंडीत ठेवाव्या लागतात. हा विकार एकीकडून दुसरीकडे पसरतो. स्पॅनिश रेडिओच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी बहुधा एकावर एक गाणी भरून वापरलेल्या असतात. निवडणुकीतले भाषण आणि त्याच्या शेवटी अर्धे रांचेरा गाणे, असा ऐवज हाती येतो. ते गाणे कापून टाकू नये असे जाणत्यांचे मत आहे आणि ते बरोबर आहे.

नावे हा या कामातला सर्वांत किचकट भाग. मोठ्या संस्थांच्या जुन्या संग्रहांत गोऱ्या मळेवाल्याचे नाव, पद आणि कधी कधी घोड्याचेही नाव असते. शेजारी उभ्या असलेल्या चार माणसांपुढे फक्त ‘मेक्सिकन मजूर’. हे दुरुस्त करायला तज्ज्ञ कमी पडतात, शेजारीपाजारी लागतात. एल पासोमधल्या कासासोला स्टुडिओचे उदाहरण आहे. गावातल्या पिढ्यांनी लग्नाचे, बाप्तिस्म्याचे आणि पासपोर्टचे फोटो तिथे काढून घेतले. स्टुडिओच्या हजारो निगेटिव्ह शेवटी एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचल्या, पण त्यांतले बहुतेक चेहरे बेनाव. मग स्थानिक वर्तमानपत्रात ते फोटो छापून वाचकांना विचारण्यात आले: यांना ओळखता का? लोकांनी ओळखले. अशा ओळखींत चुका असतात. दोन कुटुंबे एकाच नवरीवर हक्क सांगतात. अशा वेळी अनुभवी सूचीकार दोन्ही दावे, दावा करणाऱ्याचे नाते आणि तारीख लिहून ठेवतो आणि निवाडा करायच्या फंदात पडत नाही.

दानपत्राची बोलणी याहून नाजूक. कागद दिले म्हणजे काय दिले, हे घरातल्या माणसांना स्पष्ट सांगावे लागते. वस्तूची मालकी एक, छापण्याचा हक्क दुसरा. दोन्ही एकदम द्यावेच लागतात असे नाही. काही कागद ठरावीक वर्षे बंद ठेवता येतात. संस्थेला नको असलेले परत मागता येतात की थेट नष्ट होतात, हेही आधीच ठरवून घ्यावे. दान देणारी मुलगी सही करायला तयार असते आणि परगावच्या भावाचा संध्याकाळी फोन येतो की आईची पत्रे बाहेर जाता कामा नयेत. अशा वेळी कायद्याने मुलीची सही पुरत असली तरी खोके न उचलणेच शहाणपणाचे. भाऊ वर्षभराने स्वतः घेऊन येतो, किंवा येत नाही.

या समाजाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मुलाखतीत माणूस सहज सांगून जातो की काका कुठल्या वाटेने आले, कुठल्या हॉटेलात कुणाच्या कागदांवर काम केले, अजून कोण कोण तसेच राहते. अभिलेखागाराला पूर्ण गुप्ततेचे वचन देता येत नाही. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षाबद्दल घेतलेल्या मुलाखतींवर 2011मध्ये समन्स बजावले गेले, तेव्हापासून अमेरिकेतल्या प्रत्येक मौखिक इतिहासवाल्याला हे पाठ झाले आहे. म्हणून ‘आम्ही कुणाला सांगणार नाही’ असे आश्वासन द्यायचे नाही. जे न्यायालयात ओढले गेले तर घात होईल ते ध्वनिमुद्रित होऊच द्यायचे नाही. यंत्र थांबवायचे, समजावून सांगायचे, मग पुढे जायचे. इतिहासाचे त्यात नुकसान होते. ते सोसायचे.

जपलेला कागद कधी कामाला येईल याचा नेम नसतो. 1942 ते 1964 या काळातल्या ब्रासेरो कार्यक्रमात, म्हणजे मेक्सिकोतून कराराने मजूर आणण्याच्या योजनेत, मेक्सिकन मजुरांशी सुमारे 46 लाख करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के कापून बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठवले जात. पुष्कळांना ते पैसे कधीच मिळाले नाहीत. साठएक वर्षांनी मेक्सिकोच्या सरकारने भरपाई देऊ केली आणि 2008मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात तडजोड झाली, तेव्हा प्रत्येकाला 38,000 पेसो मिळण्याची वाट मोकळी झाली. पण पुरावा हवा होता. मूळ करार, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र. ज्यांच्या बायकांनी ते कागद चोळीत, ट्रंकेत, देवाच्या तसबिरीमागे जपले होते त्यांना अर्ज करता आला. ज्यांचे पुरात, स्थलांतरात किंवा साफसफाईत गेले ते दारात उभे राहिले. स्मिथ्सोनियनचे अमेरिकन इतिहास संग्रहालय, एल पासोचे टेक्सास विद्यापीठ, जॉर्ज मेसन आणि ब्राउन या विद्यापीठांनी मिळून ब्रासेरोंचा जो डिजिटल संग्रह केला, त्यात अशा कागदांबरोबर शेकडो मुलाखती आहेत. 1956मध्ये लेनर्ड नॅडेल या छायाचित्रकाराने टिपलेले, केंद्रावर रांगेत उभे करून मजुरांच्या अंगावर डीडीटी फवारतानाचे फोटो म्हाताऱ्या ब्रासेरोंपुढे ठेवले, की आधी न सांगितलेल्या गोष्टी बाहेर येतात.

सरकारी दप्तर आणि घरची आठवण एकमेकांना कशी जोडतात याचा टेक्सासातला दाखला फार कडवट आहे. 28 जानेवारी 1918 रोजी पोर्वेनीर या सीमेवरच्या वस्तीत टेक्सास रेंजर्स आणि स्थानिक मळेवाल्यांनी 15 मेक्सिकन पुरुषांना आणि मुलांना गोळ्या घातल्या. 1919मध्ये होसे तोमास कानालेस या आमदाराने रेंजर्सविरुद्ध विधिमंडळात चौकशी लावली. साक्षींचा वृत्तांत सुमारे 1,600 पानांचा झाला. विधिमंडळाने तो छापला नाही आणि कित्येक दशके तो सहजी कुणाला पाहायला मिळाला नाही. या सगळ्या काळात वाचलेल्यांच्या मुला-नातवंडांनी मृतांची नावे घरात पाठ करून ठेवली. पुढे इतिहासकारांनी राज्याच्या अभिलेखागारातला वृत्तांत आणि घराघरांतल्या आठवणी शेजारी ठेवल्या. 2016मध्ये ऑस्टिनच्या राज्य संग्रहालयात त्या काळावर प्रदर्शन भरले आणि 2018मध्ये पोर्वेनीरसाठी राज्याचा ऐतिहासिक फलक लागला. फलकाच्या मजकुरावरून त्या भागात तेव्हाही वाद झालाच.

कागद सुरक्षित ठेवायचे तर कुठे, हा वाद जुना आहे. 1965मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या शेतमजूर संघटनेचे दप्तर 1967पासून डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील रूथर ग्रंथालयात जाऊ लागले. ते कामगार चळवळीचे ग्रंथालय. कॅलिफोर्नियातल्या संस्था उदासीन असताना त्याने हे कागद मागितले, नीट लावले, आजही उत्तम सांभाळले आहेत. पण संपात पोरवयात उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःच्या सहीचा कागद पाहायचा तर तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. उलट बाजूही खरी आहे. गावातल्याच मंडळाच्या तळघरात ठेवलेले दप्तर एका फुटक्या नळाने संपते. टॅम्पाच्या ईबोर सिटीत तंबाखू कामगारांच्या क्यूबन आणि स्पॅनिश परस्पर साहाय्य मंडळांनी स्वतःची सभागृहे बांधली, दवाखाने चालवले. त्यांच्या वह्या गावातच, दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात गेल्या. हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, पण सगळ्या गावांत असे विद्यापीठ नसते.

म्हणून अलीकडे कागद घरीच राहू द्यावेत आणि प्रत तेवढी घ्यावी, ही पद्धत रुळते आहे. ॲरिझोना राज्य विद्यापीठाने मेलन प्रतिष्ठानच्या अनुदानावर 2017पासून लोकांना आपले कागद कसे ठेवायचे हे शिकवायचे वर्ग घेतले आणि ग्रंथालयांत स्कॅनिंगचे दिवस भरवले. अशा दिवशी एका टेबलावर नाव आणि संमती, दुसऱ्यावर फोटोची हकीकत, तिसऱ्यावर स्कॅनर. मूळ फोटो आणि पेनड्राइव्ह घेऊन माणूस दुपारी घरी. काम वेगाने होते, भांडणे कमी होतात. रांगेतच लोक एकमेकांच्या मावश्या ओळखतात, आणि हुशार संयोजक म्हणूनच दुसऱ्या टेबलावरचा माणूस उठवून रांगेत फिरत ठेवतो. पण या पद्धतीचे कौतुक करताना हातचे राखावे. घरचे मूळ कागद पुढच्या पिढीत रद्दीत जाऊ शकतात, आणि दिवसाकाठी जमलेल्या शेकडो फाइलींना नाव, गाव, साल लावायला नंतर महिने लागतात. फाइली सांभाळायचा खर्च दरवर्षीचा असतो. अनुदान मात्र दोन-तीन वर्षांचे.

पैशाचा प्रश्न शेवटी सगळ्यांत वर येतो. बहुतेक प्रकल्प अनुदानावर नेमलेल्या तात्पुरत्या माणसांच्या जिवावर चालतात, आणि ही माणसे बहुधा त्याच समाजातली, स्पॅनिश बोलणारी, तरुण असतात. लोकांचा विश्वास संस्थेवर बसत नाही, त्या मुलीवर बसतो. तिची मुदत संपली की तिच्या फोनवर घरे फोन करत राहतात आणि कार्यालयात नवीन माणूस कुणाला ओळखत नाही. 2025च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीने आधी मंजूर केलेली शेकडो अनुदाने एकाएकी रद्द केली, तेव्हा अशा किती तरी नेमणुका टांगणीला लागल्या. ज्या ग्रंथालयांनी निदान एक द्विभाषिक अभिलेखपाल कायम पगारावर घेतला होता तिथे काम रखडले तरी थांबले नाही. म्हणून जाणकार हल्ली दाता कुटुंबालाच सल्ला देतात: दानपत्रावर सही करण्याआधी संस्थेला विचारा, हे काम बघणारा माणूस कायम आहे की कंत्राटी.

यापुढची खोकी पलंगाखाली नसतील. 2006च्या वसंतात स्थलांतरितांच्या हक्कांसाठी निघालेल्या प्रचंड मोर्च्यांचे निरोप रेडिओवरून आणि मोबाइलवरून फिरले होते. त्यातले रेडिओवरचे थोडेसे कुणी कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवले, मोबाइलवरचे बहुतेक गेले. आज मोहल्ल्यातल्या मंडळाचे इतिवृत्त म्हणजे व्हॉट्सॲपवरचा गट असतो, आणि गटाचा चालक फोन बदलतो. काही अभिलेखपाल आता घरभेटीला जाताना स्कॅनरबरोबर केबलही नेतात, आणि अल्बम पाहून झाला की जुना, बंद पडलेला फोन कुठल्या खणात आहे तेही विचारतात.